रिलीजला नाव द्यावं का नंबर? (राजगड-रायगडच्या घोळानंतर पडलेला प्रश्न)

मुळामुठा · मंगळवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण विषय डोक्यातून जात नाहीये आणि गुरुवारी ऑफिसात यावर मीटिंग आहे, त्याआधी इथल्या अनुभवी लोकांचं ऐकायचंय.

आमची छोटी कंपनी आहे, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. पहाटे पाच-साडेपाचला शेतकरी कॅन घेऊन येतो, दूध मोजतात, सॅम्पल मशीनला लागतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) आलं की आमचा प्रोग्राम दरपत्रकातून दर काढतो आणि पावती छापतो. एवढंच काम, पण ते रोज दोनदा आणि बिनचूक व्हायला लागतं. आत्तापर्यंत चार मोठे रिलीज झाले. पहिल्याच वेळी टीमने हौसेनं ठरवलं होतं की कोरडे नंबर नकोत, गडांची नावं देऊ. तोरणा, मग राजगड, मग प्रतापगड, मग रायगड. पहिला घेतलेला गड तोरणा, पहिली राजधानी राजगड आणि राज्याभिषेक झाला तो रायगड, म्हणजे क्रम आम्हाला तोंडपाठ.

तीन आठवड्यांपूर्वी एका केंद्रावरचा कॉम्प्युटर बिघडला, नवीन बसवला, आमचा फील्डवरचा मुलगा संध्याकाळी तिथे पोचला. ऑफिसमधून फोनवर सांगितलं, रायगड टाक. तो उभा होता दूध थंड करणाऱ्या बल्क कूलरच्या शेजारी, कंप्रेसर चालू, त्याला ऐकू आलं राजगड. पेनड्राइव्ह उघडला तर फोल्डरची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये, वरून खाली प्रतापगड, रायगड, राजगड, तोरणा. मराठीत ज आधी आणि य नंतर, म्हणजे राजगड वर आला असता, पण इंग्रजीत आय आधी आणि जे नंतर म्हणून रायगड वर आणि राजगड खाली. तोरणा पहिला हे त्याला माहिती होतं, त्यामुळे तो सोडून सगळ्यात खालचा तोच नवीन असणार असं त्याला वाटलं, शिवाय कानांनीही तेच ऐकलेलं. टाकला.

राजगडमध्ये एसएनएफ ८.५ च्या खाली गेलं की किती कापायचं त्याचा जुना तक्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाशे पावत्या जुन्या दराने निघाल्या. लक्षात कोणाच्या आलं तर एका आजोबांच्या. पावती चष्म्याजवळ धरून म्हणाले, एसएनएफ कालचंच आहे, ८.४, मग दर खाली कसा आला? सचिवांनी सगळ्या पावत्या पेनाने दुरुस्त केल्या, संध्याकाळपर्यंत घरोघर निरोप गेले. पैसे कोणाचे बुडाले नाहीत, पण त्या आजोबांच्या आवाजात जो संशय होता तो मला अजून ऐकू येतो, कारण मी त्या दिवशी तिथे होतो.

मुलावर मी अजिबात चिडलेलो नाही, चूक त्याची नाही असं माझं ठाम मत आहे. चूक नाव ठेवण्यात झाली का नाव जिथे वापरलं तिथे झाली, हे मला कळत नाहीये. तुमच्याकडे काय करतात?

रात्रपाळी · मंगळवार, रात्री ११:३१

सर्व्हर सांभाळतो, अठरा वर्षं झाली. नावांच्या बाजूने बोलणारा कोणीतरी हवा म्हणून लिहितोय, कारण नावं निव्वळ हौस म्हणून आलेली नाहीत.

डेबियनचं उदाहरण घ्या, लिनक्सचा एक जुना प्रकार. डेबियन १.० नावाचा रिलीज कधी झालाच नाही. १९९५ मध्ये एका सीडी विकणाऱ्या कंपनीने सर्व्हरवरची अर्धवट, काम चालू असलेली प्रत उचलली आणि १.० म्हणून सीडीवर छापून विकली. खरा रिलीज व्हायचा होता अजून. लोकांचा गोंधळ नको म्हणून १९९६ मध्ये जो पहिला खरा रिलीज आला त्याला १.१ म्हणावं लागलं. त्याचं नाव बझ. तेव्हापासून पद्धत अशी की काम चालू असतं तोवर फोल्डरला नाव, नंबर नाही. नंबर दिसला की बाहेरचा माणूस समजतो की झालं तयार, घ्या. नावावरून तसा अर्थ निघत नाही. आणि रिलीज होतो त्या दिवशी फायली इकडून तिकडे हलवायच्या नसतात, फक्त स्टेबल नावाची जी खूण आहे ती नवीन फोल्डरकडे वळवायची, त्यामुळे जगभरच्या मिरर सर्व्हरना, म्हणजे तीच प्रत ठेवणाऱ्यांना, सगळं परत उतरवून घ्यावं लागत नाही.

आपल्याकडे बाळाला बारशापर्यंत सोन्या, छकुली काहीतरी म्हणतोच की. दाखल्यावरचं नाव नंतर लागतं. कोडनेम हे त्या आधीच्या दिवसांसाठी असतं. तुमच्याकडे ते लाडाचं नावच दाखल्यावर गेलं, मला वाटतं घोळ तिथे आहे.

(नावं टॉय स्टोरी या सिनेमातली आहेत, कारण तेव्हा डेबियनचे प्रमुख ब्रूस पेरेन्स तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये कामाला होते. जी कायम अस्थिर आवृत्ती असते तिचं नाव सिड, म्हणजे शेजारचा खेळणी मोडणारा मुलगा, आणि ते कधीच बदलत नाही. ही निवड मला फार आवडते.)

निळीशाई · मंगळवार, रात्री ११:५५

रात्रपाळी, बारशाचा मुद्दा पटला. पण डेबियनचीच गेल्या काही वर्षांतली नावं बघा ना. १० बस्टर, ११ बुल्सआय, १२ बुकवर्म. तिन्ही ब ने सुरू. मी मॅन्युअल लिहिते, दोन वेळा माझ्याच मजकुरात बस्टरच्या जागी बुल्सआय गेलेलं रिव्ह्यूत सापडलंय, म्हणजे राजगड-रायगडच झालं की हे. २०२५ मध्ये १३ आला तेव्हा त्याचं नाव ट्रिक्सी ऐकून खरंच बरं वाटलं.

नवीपेठ_सोलापूर · बुधवार, सकाळी ९:१२

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्यामुळे अँड्रॉइडचं सांगतो. कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो, जिंजरब्रेड अशी एबीसीडीने गोडाची नावं चालली होती, २००९ पासून पायपर्यंत, म्हणजे ९ पर्यंत. गिऱ्हाईक आलं की मी विचारायचो फोनमध्ये कोणतं अँड्रॉइड आहे, तर सांगायचे सॅमसंग. मग मी सेटिंगमध्ये जाऊन बघायचो, तिथे ६.० दिसायचं, मार्शमेलो असं मोठं चित्र यायचं. आता मला सांगा, सोलापुरातल्या एका आजींना मार्शमेलो काय सांगायचं? खाल्लेला नाही, बघितलेला नाही. तो नोगट का नूगा, म्हणायचं कसं हेच मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही.

२०१९ ला गूगलने स्वतःच जाहीर केलं की आता गोडाची नावं बंद, सरळ अँड्रॉइड १०. कारण त्यांनी असं दिलं होतं की जगात सगळ्यांना ती नावं समजत नाहीत, काही भाषांत एल आणि आर चा उच्चार वेगळा कळत नाही त्यामुळे लॉलिपॉप म्हटलं तर ते के नंतरचं हे समजत नाही, पाय कित्येक देशांत गोड पदार्थच नसतो. तुमच्या ज आणि य चं हेच झालं. त्यानंतर माझ्या दुकानात फरक पडला हे मी स्वतः बघितलंय. लोक येऊन सांगतात दहा आहे, अकरा येईल का? अकरा हा दहाच्या पुढचा एवढं सगळ्यांना कळतं.

सुपारीबाग · बुधवार, सकाळी ९:४०

+१, आणि एक आठवण. २०१६ मध्ये एन साठी नाव सुचवा म्हटल्यावर केरळच्या लोकांनी नेय्यप्पम या त्यांच्या गोड पदार्थासाठी केवढी मोहीम चालवली होती! शेवटी नोगट झालं. पण तेव्हा घराघरात फोनच्या व्हर्जनवर बोलणं झालं, हे नंबराने झालं असतं का सांगा. एन च्या जागी नुसतं ७ असतं तर कोण मत द्यायला गेलं असतं.

रात्रपाळी · बुधवार, सकाळी १०:०५

आणि अँड्रॉइडच्या आत नावं अजून आहेतच बरं का. १० चं क्विन्स टार्ट, ११ चं रेड व्हेल्व्हेट केक, १३ तिरामिसू, १५ व्हॅनिला आइस्क्रीम. बनवणारे आपसात नावाने बोलतात, विकताना नंबर. आणि ॲप बनवणाऱ्यांसाठी तिसराच आकडा, एपीआय लेव्हल, १० ला २९, १३ ला ३३. तो बरीच वर्षं फक्त एकेकाने वाढत गेला, पॉइंट नाही काही नाही, कारण तो मशीनने तपासायचा असतो.

एडिसनकर · बुधवार, सकाळी १०:२२ (इथे मंगळवारची रात्र)

न्यू जर्सीहून. नंबर म्हणजे सगळं सरळ असं समजू नका, मी नंबरनेच पोळलेला आहे म्हणून सांगतो.

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं ३.९ नंतर २०२१ च्या ऑक्टोबरात ३.१० आलं. आमचा प्रोग्राम आपोआप तयार करणाऱ्या बिल्डच्या यॅमल फाइलमध्ये (सेटिंग लिहायची फाइल) व्हर्जनच्या पुढे ३.९ लिहिलेलं होतं, मी ते खोडून ३.१० केलं आणि घरी गेलो. सकाळी सगळे बिल्ड लाल, म्हणजे फेल. लॉगमध्ये लिहिलेलं की पायथन ३.१ सापडत नाही. मी अर्धा तास डोळे फाडून बघत होतो की मी ३.१ कुठे लिहिलंय, कुठेच लिहिलं नव्हतं. झालं असं की अवतरण चिन्हं न टाकता ३.१० लिहिलं की यॅमल त्याला दशांश अपूर्णांक समजतं, आणि गणितात ३.१० म्हणजे ३.१, शेवटचं शून्य गेलं. ज्या जुन्या स्क्रिप्ट व्हर्जनची पहिली तीन अक्षरं कापून घ्यायच्या त्यांचंही तेच झालं, तीन, पॉइंट, एक. अशा स्क्रिप्ट किती ठिकाणी असतील याचा विचार करा.

म्हणजे व्हर्जन नंबर हा नंबर नाहीच मुळात. पॉइंटने जोडलेले दोन-तीन वेगवेगळे पूर्णांक आहेत. आपण त्याला 'तीन पॉइंट दहा' वाचतो, तोंडाने बरोबर वाचतो, पण मशीनला आणि शाळेत दशांश शिकलेल्या डोळ्याला तो वेगळा दिसतो. अक्षरांच्या क्रमाने लावलं तरी १० हे ९ च्या आधी येतं कारण १ हे ९ च्या आधी. मुळामुठा, तुमचं फोल्डर नंबराचं असतं तरी दहाव्या रिलीजला हाच घोळ झाला असता.

मुळामुठा · बुधवार, सकाळी १०:५०

एडिसनकर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, लिहून ठेवलं. दहाव्या रिलीजला आम्हाला अजून अवकाश आहे, पण केंद्रांवरचे कॉम्प्युटर पंधरा-पंधरा वर्षं चालतात, त्यामुळे विचार आत्ताच करायला हवा.

पाटीपेन्सिल · बुधवार, दुपारी १:१८

मी निवृत्त झालोय, चौतीस वर्षं प्रोग्रामिंग केलं. या प्रश्नावर माझं मत तीनदा बदललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, गोड मानून घ्या.

नंबर प्रामाणिक आणि नाव म्हणजे नुसती जाहिरात, असं मला तरुणपणी वाटायचं. मग विंडोज ७ आलं. त्याच्या आत बघितलं तर नंबर ६.१. व्हिस्टा ६.०, सात ६.१, आठ ६.२. का, तर कितीतरी जुने प्रोग्राम सुरू होताना तपासायचे की मोठा आकडा ६ आहे का, तो एकदम ७ केला असता तर ते प्रोग्राम चाललेच नसते. विंडोज ११ सुद्धा आतून अजून १०.० च आहे, बिल्ड २२००० पासून पुढे असेल तर अकरा समजायचं. ॲपलने २०२० मध्ये मॅकच्या सिस्टिमचं १०.१५ नंतर एकदम ११ केलं, बिग सर, आणि जुन्या प्रोग्रामांनी विचारलं तर ती सिस्टिम स्वतःला १०.१६ सांगायची. २०२५ ला तर आयफोनची सिस्टिम १८ वरून थेट २६ झाली, सगळ्या उपकरणांना एकच आकडा हवा म्हणून. जावाचं तर काय, आपण जावा ८ म्हणायचो आणि कमांड दिली की उत्तर १.८ यायचं, मुलाखतीत पोरं गोंधळायची. म्हणजे डब्यावर छापलेला नंबर हे सुद्धा एक नावच आहे. खरा नंबर आत असतो.

लिनक्स कर्नलमध्ये (त्या सिस्टिमचा गाभा) एके काळी सम-विषमाला अर्थ होता. २.४ म्हणजे वापरा, २.५ म्हणजे प्रयोग चालू आहेत, हात लावू नका. नुसता आकडा बघून कळायचं, मला ती पद्धत फार आवडायची. ती २.६ ला बंद झाली, २.६ नुसतंच वाढत राहिलं, २००३ पासून २०११ पर्यंत, २.६.३९ पर्यंत गेलं आणि मग ते बनवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ३.० केलं. मोठा बदल झाला म्हणून नाही, आकडे फार वाढले होते आणि कर्नलला वीस वर्षं होत होती म्हणून. आता तिथे पहिल्या आकड्याला अर्थ नाही हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते उघड सांगितलेलं असल्यामुळे कोणाची फसगत होत नाही.

याच्या उलट टोकाला डोनाल्ड कनुथचं टेक्, पुस्तकांचा मजकूर जुळवायचा प्रोग्राम. त्याचं व्हर्जन ३ नंतर ३.१, ३.१४, ३.१४१ असं पाय या संख्येकडे चाललंय, प्रत्येक दुरुस्तीला एक अंक वाढतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ३.१४१५९२६५३. त्यांनी लिहून ठेवलंय की माझ्यानंतर व्हर्जन पाय करा आणि मग हात लावू नका, त्यात जे दोष उरले असतील ते त्याचे गुण समजा. त्या नंबरातून एका माणसाचा स्वभाव दिसतो, हे काम आता पुरं होत आलंय, मी फक्त कडा घासतोय असं तो नंबर सांगतो. मला इतका बोलका नंबर दुसरा माहीत नाही.

तेव्हा नाव का नंबर हे विचारण्याआधी, ऐकणाऱ्याला त्यातून काय कळायला हवं ते ठरवा. तुमच्या फील्डवरच्या मुलाला एकच गोष्ट कळायला हवी होती, की या चारांत शेवटचं कुठलं.

निळीशाई · बुधवार, दुपारी १:४४

काका, हा प्रतिसाद जपून ठेवला. शेवटचं वाक्य मी आमच्या लिखाणाच्या नियमांत घालणार आहे.

दर्यावर्दी_दापोली · बुधवार, दुपारी ३:०९

मी कॉम्प्युटरवाला नाही, बागायतदार आहे, पण नावावरून एक लिहावंसं वाटलं.

२०२० च्या ३ जूनला आमच्याकडे निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत आजही कोणी वर्ष सांगत नाही, निसर्गाच्या आधी आणि निसर्गाच्या नंतर असंच बोलतात. माझी कोणती कलमं पडली, कोणती उभी राहिली ते सगळं त्या एका नावाला चिकटलेलं आहे. हवामान खात्याच्या कागदावर त्याला नंबर असेलही, तो आमच्या कोणाला माहीत नाही. पुढच्या वर्षी तौक्ते आलं, तेही नावानेच.

पण ही नावं कशी ठरतात ते मी तेव्हा वाचलं होतं. या भागातले तेरा देश नावं देतात, प्रत्येकी तेरा, आधीच यादी तयार. निसर्ग हे बांगलादेशाने दिलेलं. नियम आहेत त्याला, नाव छोटं हवं, आठ अक्षरांच्या वर नको, उच्चाराला सोपं हवं, कोणाला दुखावणारं नको, आणि एकदा वापरलं की परत नाही. रेडिओवर, खरखरीत फोनवर, होडीतल्या माणसाला कळलं पाहिजे म्हणून. तुम्ही गडांची नावं प्रेमाने दिलीत, ते चांगलंच आहे, पण ऐकणारा कूलरशेजारी उभा असेल हे कोणी मनात आणलं नाही. राजगड आणि रायगड दोन्ही यादीत नको होते. तोरणा, प्रतापगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग असं असतं तर कंप्रेसर कितीही वाजला तरी चूक झाली नसती.

सुपारीबाग · बुधवार, दुपारी ३:२६

दर्यावर्दी दादा, अगदी मनातलं. नाव काढून टाकू नका मुळामुठा, नाव निवडायची पद्धत बदला.

रात्रपाळी · बुधवार, संध्याकाळी ६:५०

नाही, इथे मी थोडा असहमत. ऐकू नीट आलं असतं तरी क्रम कळला नसता. पन्हाळा आधी का सिंधुदुर्ग आधी, हे इतिहास माहीत असलेल्यालाच कळणार. आणि क्रम अक्षरांनी लावू म्हणाल तर उबंटू या लिनक्सचं बघा. तिथे विशेषण आणि प्राणी, दोन्ही एकाच अक्षराचे, आणि डॅपर ड्रेकपासून दर सहा महिन्यांनी एक अक्षर पुढे. छान चाललं होतं. पण २०१७ च्या एप्रिलला झेड आलं, झेस्टी झॅपस, आणि ऑक्टोबरला परत ए. आता झेनियल, एक्स ने सुरू होणारं, ते १६.०४, आणि बायोनिक, बी ने सुरू होणारं, ते १८.०४. नवीन मुलाला विचारलं यातलं जुनं कोणतं तर तो हमखास बी म्हणतो. मी दरवर्षी नवीन बॅचला हा प्रश्न विचारतो, म्हणून खात्रीने सांगतोय.

ओपनस्टॅकवाल्यांचंही (क्लाउडचं सॉफ्टवेअर) झेड येऊन संपलं, तेव्हा त्यांनी शहाणपणा केला, पुढच्याला २०२३.१ अँटिलोप म्हटलं. वर्ष आणि त्या वर्षातला कितवा ते पुढे, नाव मागे.

माझ्या मते वर्ष-महिन्याचा नंबर सगळ्यात उपयोगी. २०.०४ म्हटलं की एप्रिल २०२०, पाच वर्षांचा सपोर्ट, म्हणजे २०२५ मध्ये संपला, बोटावर हिशेब होतो, कुठे शोधावं लागत नाही. आणि तो नंबर खोटं बोलू शकत नाही. डॅपर एप्रिल २००६ ला यायचं होतं, दोन महिने उशीर झाला, तर नंबर ६.०४ चा ६.०६ झाला. उशीर नंबरातच दिसतो.

एडिसनकर · बुधवार, संध्याकाळी ७:१५

पण त्यातून बदल किती मोठा ते कळत नाही ना. दूध संघवाल्याला विचारायचं असतं की हे टाकलं तर माझा जुना डेटा चालेल का. मेजर-मायनर-पॅचच्या पद्धतीत ते दिसतं. पहिला आकडा बदलला म्हणजे जपून, शेवटचा बदलला म्हणजे नुसती दुरुस्ती, डोळे मिटून टाका. अर्थात बनवणाऱ्याने ते इमानदारीने पाळलं तरच.

झाकीर_सांगली · बुधवार, रात्री ८:३३

मी इथे नवीन आहे, चुकलं तर सांगा. मी मुळामुठांच्या फील्डच्या मुलासारखंच काम करतो, दुसऱ्या कंपनीत. तुम्ही सगळे नावावर आणि नंबरावर बोलताय, पण मला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो सांगू का, स्क्रीनवर काहीच लिहिलेलं नसतं. केंद्रावर गेलो की आत्ता काय टाकलेलं आहे तेच कळत नाही. मेनूत जा, हेल्पमध्ये जा, अबाउट दाबा, तिथे लोगो आणि कंपनीचा पत्ता. काही ठिकाणी तर मी फायलीची तारीख बघून अंदाज करतो. सचिवांना फोनवर विचारलं कोणतं आहे तर ते तरी काय सांगणार, निळ्या रंगाचं आहे म्हणतात. नाव द्या का नंबर द्या, पण तो मुख्य स्क्रीनच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात आणि मराठी आकड्यात दिसू द्या, आणि पावतीच्या खाली पण बारीक छापा. पावती हातात आली की कोणत्या प्रोग्रामने काढली ते कळलं असतं, त्या आजोबांचं निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं.

मुळामुठा · बुधवार, रात्री ८:४१

झाकीर भाऊ, आमच्याही अबाउटमध्ये फक्त गडाचं चित्र आहे. तुम्ही लिहिलंत ते वाचून मी आत्ता उघडून बघितलं. नंबर कुठेच नाही. पावतीचा मुद्दा उद्या सर्वांत आधी मांडतो.

पाटीपेन्सिल · बुधवार, रात्री ९:०२

झाकीर, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा.

निळीशाई · बुधवार, रात्री ९:२०

अजून एक, नावात अक्षरं कोणती आहेत तेही बघा. फेडोरा या आणखी एका लिनक्सच्या १९ चं नाव होतं श्रॉडिंगर्स कॅट. त्यात ओ वर दोन टिंबं आणि मध्ये अपॉस्ट्रॉफी. ते नाव सिस्टिमच्या फाइलमधून वाचणाऱ्या स्क्रिप्ट ठिकठिकाणी अडखळल्या. एका अर्थी चांगलंच झालं, दोष सापडले. २० व्याचं नाव हायझेनबग, आणि त्यानंतर २१ पासून त्यांनी नावं देणंच बंद केलं.

आणि भारतीय नावांचं म्हणाल तर सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस लिनक्स आहे, डेबियनवर आधारलेली. तिच्या आवृत्त्यांची नावं अनोखा, अनूप, उन्नती अशी. ऐकायला गोड, पण अनोखा आधी का अनूप आधी हे मला दर वेळी नंबर बघूनच कळतं, अनोखा ५ आणि अनूप ६.

सुपारीबाग · बुधवार, रात्री १०:११

मी शेवटचं एकदा नावासाठी भांडते. रिलीजच्या आधीचे पंधरा दिवस टीम रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसते तेव्हा कोणी चार पॉइंट शून्यसाठी बसत नाही हो. आमच्याकडे नद्यांची नावं होती. 'इंद्रायणी सुटली' असा मेसेज आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. नंतर नवीन मॅनेजमेंटने नावं बंद केली. काम तेच, पगार तोच, पण त्यानंतरचे रिलीज मला एकमेकांपासून वेगळे आठवत नाहीत. ५.२ मध्ये काय केलं विचाराल तर मला टिकेट (कामाची नोंद) बघावं लागेल, इंद्रायणीत काय केलं ते आत्ता झोपेतून उठवून विचारा.

दर्यावर्दी_दापोली · बुधवार, रात्री १०:३०

हेच म्हणत होतो मी, आठवण नावाला चिकटते.

मुळामुठा · शुक्रवार, रात्री ९:३७

मंडळी, काल मीटिंग झाली, दोन तास चालली. सविस्तर सांगतो कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ देऊन लिहिलंत.

गडांची नावं ज्याने सुरू केली तो मुलगा पहिली वीस मिनिटं गप्प होता. त्याला वाटत होतं घोळाचा ठपका त्याच्यावर येणार. सुपारीबाग ताईंचा इंद्रायणीचा प्रतिसाद मी वाचून दाखवला तेव्हा तो बोलायला लागला. मग त्यानेच सुचवलं की नाव टीमपुरतं ठेवू, काम सुरू होतं त्या दिवसापासून रिलीज होईपर्यंत, रात्रपाळींनी सांगितलं तसं बारशाआधीचं. केंद्रावर जाणाऱ्या कशावरही नाव नाही. पेनड्राइव्ह, फोल्डर, स्क्रीन, पावती, फोनवरचं बोलणं, सगळीकडे फक्त नंबर. मला वाटलं होतं नावावरून भांडण होईल, पण तो विषय दहा मिनिटांत मिटला.

जास्त वाद झाला नंबर कसला द्यायचा यावर. मी वर्ष-महिन्याच्या बाजूने होतो. सपोर्टमधल्या ताई म्हणाल्या, सचिव विचारतात हे टाकल्यावर जुन्या पावत्या दिसतील का, त्याचं उत्तर तारखेतून मिळत नाही. म्हणून तीन आकडे ठेवले. दरपत्रक किंवा डेटाची रचना बदलली तर पहिला, नवीन सोय आली तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. जुन्या चौघांनाही नंबर लावले, तोरणा १ ते रायगड ४, म्हणजे येणारा ५. तारीख स्क्रीनवर नंबराच्या शेजारी बारीक अक्षरात असेल.

आणि फील्डचा तो मुलगा मीटिंगला होता. त्याला विचारलं, फोनवर नंबर कसा सांगितला तर चुकणार नाही? तो म्हणाला, कूलर चालू असला की सात आणि साठ सारखंच ऐकू येतं, एकेक आकडा सुटा सांगा आणि मी परत म्हणून दाखवीन, मग टाकीन. तेच ठरलं.

आज संध्याकाळी त्याच केंद्रावर दुरुस्ती पाठवली. सचिवांना फोन केला, म्हटलं स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय वाचा. म्हणाले, चार, शून्य, तीन.

एडिसनकर · शुक्रवार, रात्री १०:०४

मस्त झालं. फोल्डरचं काय केलंत? दहाव्या वेळी ते वर जाऊन बसेल हे विसरू नका.

मुळामुठा · शुक्रवार, रात्री १०:०९

दोन आकडी केलंय, आधी शून्य. ०१, ०२, ०३, ०४. आणि पेनड्राइव्हवर आता एकच फोल्डर असतो, चालू असलेला, जुने तीन काढून ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवलेत.

झाकीर_सांगली · शुक्रवार, रात्री १०:२०

पावतीवर पण आला का नंबर?

मुळामुठा · शुक्रवार, रात्री १०:२६

हो, शेवटच्या ओळीत, तारखेच्या खाली. उद्या सकाळच्या पावत्यांवर दिसेल. मी साडेपाचला केंद्रावर पोचतोय, आजोबांना आधी दाखवणार.